काकडीच्या कापावरच्या गोगलगायी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळचे साडेसात. माशांच्या टाकीत काकडीचा काप सोडला आहे. उभा चिरलेला, वीतभर लांब, स्टीलच्या काट्याला खोचलेला; तू त्या काट्याला गार्फ म्हणायचास. गार्फाचे वजन नसेल तर काप तरंगतो. साडेनऊला तो उचलायचा आणि त्यावर जमलेल्या गोगलगायी मोजायच्या. मधल्या दोन तासांत काचेवर टकटक करायची नाही, दिवा लावायचा नाही, पाण्यात हात घालायचा नाही. हे नियम तुझे, मामा. आज ते मी एकटीच पाळते आहे आणि तेवढ्या वेळात तुला लिहिते आहे.

काल तुझा बारावा झाला. डिचोलीच्या या घरात चाळीसेक माणसे जेवून गेली. त्यांतल्या बहुतेकांनी मला एकच वाक्य ऐकवले: झोपेत गेला, पुण्यवान माणूस. मी कोणाचीही चूक दुरुस्त केली नाही. तू झोपेत गेलास हे निरीक्षण अचूक आहे. त्यामागचे कारण कोणी विचारले नाही आणि मला ते सांगायचे नव्हते.

दहा वाजता आई पेडण्याहून येईल. टाकी रिकामी करून घराला कुलूप लावायचे ठरले आहे. काल भांडी पुसताना ती म्हणाली, "मासे व्हरूंक जाय जाल्यार व्हर तू वास्कोक. पूण त्यो गोगलगायी हांगाच मारून उडय." ती येण्याआधी मला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. गोगलगायी मारायच्या की ठेवायच्या, ही पहिली. दुसरी गोष्ट तुझ्या जर्नलातल्या एका कोऱ्या ओळीची आहे. ती ओळ कोणी कोरी ठेवली, हे तुला आणि मला सोडून कोणाला ठाऊक नाही. आता फक्त मला.

वाद जानेवारीत सुरू झाला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तू पाणवनस्पतीची जुडी आणलीस आणि तिच्या पानांखाली चिकटून त्या आल्या: तांदळाच्या दाण्याएवढ्या, तपकिरी, पातळ कवचाच्या. मी म्हणाले, आत्ताच काढून टाक, ही उपद्रवी जात आहे. तू म्हणालास, "अगो, घाण खातात ती. तुझ्या युनिव्हर्सिटीत फुकट झाडलोट करपी कोण मेळटा तुका?" मी सांगितले की यांच्यात नर-मादी वेगळे नसतात, एकटी गोगलगायसुद्धा अंडी घालते, सहा महिन्यांत काच दिसणार नाही. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि अत्यंत गंभीरपणे म्हणालास, "म्हणजे सोयरीक सोदपाची गरज ना. हें तुझ्या आवयक सांग, तिचो ताप कमी जातलो." आई त्या महिन्यात माझ्यासाठी तिसरे स्थळ बघत होती.

मग तूच म्हणालास, वाद घालून काय मिळणार, मोजूया. एकतीस वर्षे तू हायस्कूलच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतास. शाळेने जुने फर्निचर विकायला काढले तेव्हा तिथले एक टेबल तू घरी आणलेस; टाकी त्यावरच आहे आणि टाकीच्या उजवीकडे बर्नरच्या डागाचे काळे वर्तुळ अजून दिसते. मी नऊ वर्षांची असताना त्याच टेबलाशी, शाळेच्या सुटीत, तू मला मोरचुदाचा खडा तापवून दाखवला होतास. निळा रंग उडाला, पांढरी भुकटी उरली, आणि तू ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडलास तेव्हा निळा परत आला. त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते, आणि पुढे जाते. तो पदार्थ या मजकुरात पुन्हा येणार आहे.

जर्नलही शाळेतलेच. उजवे पान रेघांचे, नोंदींसाठी. डावे कोरे, आकृत्यांसाठी. तुझा नियम मी माझ्या प्रयोगशाळेतही पाळत आले: "जें बरयलें ना, तें जालें ना." लिहिले नाही ते घडलेच नाही. दर दुसऱ्या रविवारी मी वास्कोहून बसने यायची, पणजीला बस बदलायची, नऊपर्यंत इथे पोचायची. तू काप सोडायचास, मी दोन तासांनी मोजायची, उजव्या पानावर आकडा घालायची. जानेवारीत सहा. मग नऊ, सतरा, अठ्ठावीस. मेमध्ये त्रेपन्न.

"पाणी बघ," तू म्हणायचास. "नितळ आसा मगो?"

"आकडा बघ," मी म्हणायची.

"बाय, तुका मोजूक येता गो. बघूक येना."

हे वाक्य तू हसत बोलायचास आणि मी ते अपमान म्हणून जपून ठेवायची. संशोधन करणाऱ्या भाचीला निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यकाने निरीक्षण शिकवावे, हे मला सहन होत नव्हते. हे मी तुला तोंडावर कधी म्हटले नाही. माझ्या बोलण्याच्या पद्धतीत ते होते, आणि तुला ते ऐकू येत होते, याची मला खात्री आहे.

एक वाक्य माझ्या पहिल्याच पाठ्यपुस्तकात होते, माझ्या प्रबंधाच्या आराखड्यातही आहे: गोगलगायींची संख्या अन्नाच्या पुरवठ्यामागे जाते. जास्त गोगलगायी म्हणजे जास्त अन्न. हे मला माहीत होते, म्हणून मी तुला विचारलेही होते. मार्चमध्ये एकदा, मेमध्ये एकदा. माशांना दिवसातून किती वेळा खाणे घालतोस?

"एकदांच गो. सकाळीं सातांक."

मी उजव्या पानाच्या वर लिहिले: खाणे, दिवसातून एकदा, स्थिर. तुझा शब्द मी स्थिरांक धरला. प्रयोग करणाऱ्याने मोजल्याशिवाय काहीही स्थिर धरू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

जुलैत परगावच्या एका विद्यापीठात पीएचडीसाठी मुलाखत होती. आपली ही मोजणी मी तिथे आलेख करून दाखवली. छोटे काम, पण नीटनेटके, वर जाणारी सुंदर वक्ररेषा. समितीतल्या एका बाईंनी विचारले, "अन्नाचा पुरवठा कायम होता, हे कशावरून?" मी क्षणही न घालवता उत्तर दिले, "खाणे घालणारी व्यक्ती विश्वासार्ह आहे." त्या हसल्या. माझी निवड झाली. मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, "म्हणजे माझ्या गोगलगायींनी तुका सीट दिली." मी म्हणाले, तुझ्या गोगलगायींनी नाही, माझ्या आलेखाने. त्यावर तू फोन ठेवलास. मला वाटले, तू रागावलास. आज वाटते, तू तेव्हा जवळजवळ सांगणार होतास. याला पुरावा नाही, म्हणून पुढे जाते.

पुरावा ज्याला होता, ते सांगते. माशांच्या खाण्याचा डबा मी पणजीहून आणायची. तो तीन महिने पुरायला हवा. मेपासून तो पाच आठवड्यांत संपू लागला. मी विचारले तर तू म्हणालास, मुंग्या लागल्या, फेकला. मी मुंग्या न येणारा, घट्ट झाकणाचा डबा आणला आणि स्वतःवर खूष झाले. जुलैच्या शेवटी आई तुझ्याकडे दोन दिवस राहून आली आणि फोनवर म्हणाली, "तुझ्या मामाक विसरूंक जाता गो. पोदेराकडल्यान सकाळीं पाव घेता, सांजेर परत घेता. कपाटांत अकरा उंडे मेळ्ळे माका, फातरासारके." पोदेराला, म्हणजे सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याला, मीही लहानपणापासून ओळखते, त्याचा भोंगा वाजला की तू पिशवी घेऊन फाटकाशी. मी आईला म्हणाले, सत्तरीचा माणूस विसरतोच, त्यात काय. त्या वेळी मी विमानाची तिकिटे बघत होते.

दगड झालेले अकरा पाव, पाच आठवड्यांचा डबा, त्रेपन्नवरून सत्त्याऐंशीवर गेलेल्या गोगलगायी. तीन स्वतंत्र मापे एकाच दिशेला बोट दाखवत होती. या टाकीतला सर्वांत प्रामाणिक जीव कोणता, तर ज्याला मी उपद्रवी म्हणत होते तो. तू एकदा घातलेले विसरून पुन्हा घालत होतास, आणि तळाशी कुजू शकले असते ते सगळे खाऊन गोगलगायी मला आकड्यात सांगत होत्या की घरात कोणीतरी विसरते आहे. मी त्या आकड्याला शीर्षक दिले, त्यावर निवड मिळवली, आणि मग तो मारायला निघाले.

चवथीला तू इब्रामपूरच्या मूळ घरी गेलास, पाच दिवसांचा गणपती. मी पहिल्या दिवशी तिथे होते, दुसऱ्या दिवशी टाकी सांभाळायला म्हणून इथे आले. येताना तिथल्या गोठ्यातून, पोफळींवर फवारण्यासाठी आणलेल्या मोरचुदाच्या गोणीतून, रुमालात थोडे बांधून घेतले. मात्रा कशी काढायची हे मला येते. काचेच्या पेल्यात घट्ट द्रावण केले, तुझ्या चहाच्या चमच्याने ढवळले, मोजून टाकीत सोडले. हिशेब बरोबर होता. त्या मात्रेने मासे मरत नाहीत, गोगलगायी मरतात. मरणाऱ्या शेकडो गोगलगायी पाण्यात सडल्या की पाण्याचे काय होते, हे हिशेबात धरायचे मी विसरले. विसरण्यावर आपल्या घरात फक्त तुझा हक्क नव्हता.

तू पाचव्या दिवशी परत आलास. एकोणीस माशांपैकी सोळा मी आधीच पुरले होते. तू टाकीसमोर उभा राहिलास, खांद्यावरची पिशवी न उतरवता.

"कितें जालें?"

"वीज गेली होती. पंप बंद पडला."

"कितलो वेळ?"

"सात तास."

"सात," तू म्हणालास, जणू उजव्या पानावर घालतो आहेस. मग वाकून तळ बघितलास. "गोगलगायीय मेल्यो?"

"हो."

"वीज ना म्हणून?"

मी हो म्हणाले. या जातीची गोगलगाय काचेवरून वर येते, पाण्याच्या पृष्ठभागाशी हवा घेते आणि पुन्हा खाली जाते. पंप असो वा नसो, तिला फरक पडत नाही. हे तू मला दाखवले होतेस, मी दहा वर्षांची असताना, घरामागच्या विहिरीच्या काठाशी. त्या क्षणी तुला कळले की मी खोटे बोलते आहे. तू पिशवी खाली ठेवलीस. तू स्वयंपाकघरात चहा करायला गेलास आणि मी जर्नलातली, मोरचूद घातल्या दिवसाची ओळ कोरी सोडली. लिहिले नाही ते घडले नाही.

त्यानंतर मी तीन वेळा आले. किट वापरून पाण्याची तपासणी केली. नळीत रंग पिवळा राहायला हवा होता, तो हिरवा यायचा. म्हणजे अमोनिया, कुजलेल्या घाणीचा. सोळा मासे गेलेले, मेलेल्या गोगलगायी वेचून काढलेल्या, अर्धे पाणी दोनदा बदललेले, तीनच मासे उरलेले, तरी हिरवा. एवढी घाण येत कुठून होती? तळाशी पडणारे जादा खाणे आता खायला कोणी नव्हते, एवढेच उत्तर होते. मी उजव्या पानावर लिहिले: किट जुने झाले असावे. नवे आणणे. तू माझ्या मागे उभा राहून वाचलेस आणि म्हणालास, "हय, जुनें जालां तें." मला आता कळते की तू किटबद्दल बोलत नव्हतास. मला हेही कळते की तू किटबद्दलच बोलत असशील आणि मला काही तरी ऐकायचे आहे. दोन्ही शक्यता मी उघड्या ठेवते.

ऑक्टोबरच्या त्या मंगळवारी पोदेराने फाटकाला अडकवलेल्या पिशवीत हात घातला, तर सोमवारचे पाव तसेच होते. त्याने शेजाऱ्यांना हाक मारली. डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरली. मी वास्कोहून दुपारी पोचले आणि सगळे रडत असताना तुझ्या उशाजवळच्या गोळ्यांच्या पट्ट्या मोजल्या. मधुमेहाची गोळी, रोज सकाळी एक. दुकानाच्या पावतीवरच्या तारखेपासून आठ कमी व्हायला हव्या होत्या. पंधरा कमी होत्या. आईने माझा हात धरला. "आतां मोजून कितें मेळटलें गो तुका?"

काही नाही. तिचे बरोबर होते. मोजायची वेळ मार्च होती.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मी जर्नल उघडले. उजव्या पानांवर माझे अक्षर. डाव्या पानांकडे मी वर्षभर नीट बघितलेच नव्हते; जिथे आकृत्या काढायच्या, तिथे बारीक पेन्सिलीने तू तारखा घातल्या होत्यास आणि प्रत्येक तारखेपुढे खाणे घातल्याच्या खुणा. जानेवारीत रोज एक. मार्चमध्ये काही दिवशी दोन. मेमध्ये तीन. ऑगस्टच्या सुरुवातीला एका तारखेपुढे पाच. म्हणजे दर वेळी, खाणे घालून झाल्यावर, खूण करताना, आधीची खूण तुला दिसत होती. रोज कळत होते तुला. दिवसातून किती वेळा घालतोस असे मी विचारले तेव्हा तू हसून एकदाच म्हणालास, आणि तुझ्याकडे पूर्ण नोंद होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत तू कोणाच्या प्रयोगात खोटा आकडा घातला नसशील. माझ्या प्रयोगात घातलास.

मेच्या पानाच्या कोपऱ्यात माझ्याविषयी, तुझ्या बायविषयी, एक ओळ आहे: "बायला सांगू नये. ती मोजील."

मामा, हे वाक्य मला क्षमा करता येत नाही. होय, मी मोजले असते. तुझी गोळ्यांची डबी सात कप्प्यांची आणली असती, दर सकाळी फोन केला असता, तुला पणजीला डॉक्टरांकडे नेले असते, तुझ्या चुकांचा तक्ता केला असता आणि तो तुला दाखवलाही असता, हो, तुझा अपमान झाला असता. तुला तो अपमान नको होता. तू विसरणारा म्हातारा म्हणून माझ्या एका रकान्यात बसण्यापेक्षा विश्वासार्ह व्यक्ती म्हणून माझ्या आलेखात राहणे पसंत केलेस. आणि मी तुझ्याशी अशी वागले होते की तुला दुसरा मार्ग दिसला नाही. या दोन वाक्यांपैकी मी कोणते आधी लिहावे, हे मला बारा दिवसांत ठरवता आलेले नाही.

खुणांची बेरीज मी आठवड्यावार केली आणि माझ्या आकड्यांशेजारी मांडली. दोन्ही रेषा बरोबर चढतात. गोगलगायींची रेषा तीन आठवडे मागून. एवढा स्वच्छ संबंध मला प्रयोगशाळेत अजून मिळालेला नाही. तो मी कोणत्याही समितीला दाखवणार नाही.

आणखी एक नोंद आहे, चवथीनंतरच्या पानावर. खुणा नाहीत, तारीख नाही. दोनच शब्द: "कुलेर निळी." चहाचा चमचा. मी तो पेल्यासकट मोरीत ठेवून विसरले होते आणि त्यावर निळे कण वाळले होते. मोरचुदाचा निळा तुला कोणी सांगायची गरज नव्हती. तू तो चमचा धुतलास, त्यानेच साखर घालून मला चहा दिलास, आणि एवढे लिहून थांबलास. माझे नाव लिहिले नाहीस. उजव्या पानावरची माझी कोरी ओळ तुला दिसली असणार. तिच्यात तू काही भरले नाहीस. ती माझ्यासाठी ठेवलीस, असे मानायचा मोह होतो. कदाचित तू ती विसरलास.

साडेनऊ वाजले. मी काप उचलला आहे. टाकीत आता तीन मॉली मासे आहेत आणि बारा दिवस शेजारच्या बाई त्यांना चिमूटभर खाणे रोज एकदाच घालत आहेत. चिमूट मी कागदाच्या पुड्यांत बांधून दिली होती. पाणी नितळ आहे. कापाच्या खालच्या बाजूला, सालीजवळ, चार. तांदळाच्या दाण्याहून लहान, कवच इतके पातळ की आतले हलताना दिसते. मी मोजलेल्या मात्रेतून कुठली तरी अंडी वाचली. काचेच्या कोपऱ्यात आणखी एक पारदर्शक पुंजका आहे.

मी त्या मारणार नाही. टाकी वास्कोला नेणार, तीन मासे आणि चार गोगलगायींसकट, आणि दुसऱ्या गावी जाताना ज्याच्याकडे सोडेन त्याला सांगणार: यांची संख्या वाढली तर यांना दोष देऊ नकोस, खाणे घालणाऱ्या माणसाकडे जा आणि त्याच्यापाशी बस. उपयुक्त की उपद्रवी, या आपल्या वादात तू जिंकलास. जिंकायला तू असायला हवा होतास.

फाटक वाजले. आई आली आहे. ती चप्पल काढीपर्यंत मला पान मागे उलटायला वेळ आहे. चवथीच्या दुसऱ्या दिवसाची ती कोरी ओळ, उजव्या पानावर, शाईने. हे पान आईला आज दाखवणार आहे. तुझे अक्षर डावीकडे, माझे उजवीकडे.

नोंद उशिरा करीत आहे. वीज गेली नव्हती. टाकी शंभर लिटर. पदार्थ मोरचूद. घालणारी मी. मात्रा, मिलिग्रॅममध्ये: १२०.